हवा ओढू नका, जागा करा

डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की बहुतेक जण खांदे कानापर्यंत नेतात, मान ताठ करतात आणि सूं-सूं आवाज काढत नाकाने हवा खेचू लागतात. एवढ्या खटाटोपानंतर आत जाणारी हवा मात्र बेताचीच असते. कारण हवा नाकाने ओढली जातच नाही. आधी छातीच्या पिंजऱ्यात जागा वाढते. जागा वाढली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित उतरतो आणि मग बाहेरची हवा आपल्या पायांनी आत येते. नाक तिला फक्त वाट देतं.

शाळेत आपण हे शिकलेले असतो आणि परीक्षेनंतर विसरलेले असतो. पण घरात कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं, आजोबांना जिना चढताना धाप लागू लागली, तान्ह्या बाळाचं पोट उडायला लागलं किंवा एखाद्याच्या छातीत नळी घालून बाटली लावली की डॉक्टर आणि नर्स भराभर सूचना देतात, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच दाबाची गोष्ट असते. ती माहीत असली तर सूचना पाठ करावी लागत नाही.

लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला आहे त्यांना अर्धं समजलेलंच आहे. भात्याच्या फळ्या दूर केल्या की हवा आत शिरते, जवळ आणल्या की बाहेर पडते. सतराव्या शतकात ऑक्सफर्डच्या जॉन मेयोने श्वासाची क्रिया दाखवण्यासाठी असाच भाता बनवला आणि त्याच्या आत एक मूत्राशयाची पिशवी बसवली. भाता उघडला की पिशवी आपोआप फुगायची. आपली फुफ्फुसं म्हणजे ती पिशवी. त्यांना स्वतःला फुगवणारा स्नायू नाही. भात्याच्या फळ्यांचं काम करतं ते मुख्यतः श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू, आणि त्याच्या मदतीला बरगड्यांमधले स्नायू. श्वासपटल आकुंचन पावलं की घुमट खाली उतरतो. शांत श्वासात तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच सरकतो, पण खोल श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. तो खाली येताना पोटातली आतडी-जठर पुढे ढकलली जातात, म्हणून पोट फुगतं. श्वास घेताना पोट आत ओढण्याची ज्यांना सवय आहे (फोटो काढून घेताना आपण सगळेच तसं करतो) ते श्वासपटलाची उतरायची वाटच अडवत असतात.

फुफ्फुस बरगड्यांना कुठेही शिवलेलं नाही, मग पिंजऱ्याबरोबर ते का फुगतं? त्याच्याभोवती दुपदरी आवरण आहे. एक पदर फुफ्फुसावर, दुसरा पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम काही चमचे पातळ द्रव. फुफ्फुस लवचीक असल्याने सतत आकसायला बघतं. पिंजरा उलट बाहेर उसळायला बघतो. या रस्सीखेचीत मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. हे दाब इतके लहान असतात की डॉक्टर ते पाण्याच्या उंचीत मोजतात. शांत श्वास सोडून झाल्यावर हा दाब सुमारे उणे पाच सेंटिमीटर पाणी असतो आणि श्वास घेताना उणे आठच्या आसपास जातो. या ओढीने वायुकोश ताणले जातात आणि त्यांच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा फक्त एक सेंटिमीटरने उतरतो. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याइतका आहे, म्हणजे हा फरक जेमतेम हजारात एक भाग. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते, मिनिटाला बारा ते सोळा वेळा, जन्मभर.

शांतपणे श्वास सोडायला तर काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल पडतात, फुफ्फुस आपल्या लवचीकपणाने आकसतं आणि हवा निघून जाते. श्वास सोडून झाल्यावरही आत दोन लिटरच्या वर हवा शिल्लक असते.

आता हे स्वतःवर पाहा. पाठीवर आडवे व्हा, गुडघे दुमडा, एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर ठेवा. तोंड मिटून, आवाज न करता श्वास घ्या. आधी पोटावरचा हात उचलला गेला पाहिजे, मग छातीवरचा थोडासा. छातीवरचाच हात उडत असेल तर श्वास घेण्याचा विचार सोडा आणि फक्त कंबर चहूबाजूंनी रुंद करायचा प्रयत्न करा. हवेचं काय करायचं ते हवा बघून घेते. दिवसातून दोनदा पाच मिनिटं पुरे. यापलीकडे निरोगी माणसाने श्वासाच्या मागे फार लागू नये असं माझं मत आहे. जे काम मेंदू झोपेतही चोख करतो त्यात दिवसभर लक्ष घातलं तर चक्कर आणि चिंता यांखेरीज काही हाती लागत नाही.

या ज्ञानाचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर. टाके दुखतात म्हणून रुग्ण श्वास वरच्या वर घेतो, खोकला दाबून धरतो, उताणा पडून राहतो. आडवं झाल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात, त्यात ते दुखण्यामुळे हलेनासं झालं की फुफ्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटायला लागतात. तिथे कफ साचतो, ताप येतो, कधी न्यूमोनिया होतो. हे टाळण्यासाठी तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं स्पायरोमीटर हातात दिलं जातं, आणि वॉर्डात बहुतेक खाटांवर ते चुकीच्या पद्धतीने वापरलं जात असतं. निम्मे लोक त्यात फुंकतात. फिजिओथेरपिस्टने मुद्दाम तसं सांगितलं नसेल तर फुंकायचं नाही. वायुकोश उघडायचे आहेत, त्यासाठी आतला दाब उतरायला हवा आणि फुंकताना तो वाढतो. उरलेले निम्मे एका हिसक्यात तिन्ही गोळ्या टणकन वर उडवतात, नातेवाईक टाळ्या वाजवतात आणि व्यायाम झाला असं सगळ्यांना वाटतं.

त्या यंत्रावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते हवेच्या वेगाचे आहेत, सेकंदाला इतके मिलिलिटर. किती हवा आत गेली ते त्या आकड्यांवरून कळत नाही. हिसका दिला की क्षणभर वेग येतो, गोळ्या उडतात आणि तळाचे मिटलेले वायुकोश मिटलेलेच राहतात. म्हणून ताठ बसा, शक्य असेल तर खाटेवरून पाय खाली सोडून. आधी शांतपणे श्वास सोडा. मग नळी ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत येऊ द्या, अशी की पहिली गोळी वर जाऊन तिथेच तरंगत राहील. दुसरी उचलली गेली तर उत्तम, तिसरीची घाई नको. श्वास पुरता भरला की तीन ते पाच सेकंद थांबा, कारण चिकटलेले वायुकोश उघडायला वेळ लागतो. नळी काढून आरामात सोडा. जागेपणी दर तासाला असे दहा श्वास, मध्ये मध्ये विश्रांती घेत. दुखण्याचं औषध घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम केला तर छाती मोकळेपणाने फुगते. खोकताना टाक्यांवर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी दाबून धरा.

आणि यंत्र घरी विसरलं म्हणून हळहळू नका. नुसत्या यंत्रामुळे फार मोठा फरक पडतो असा भक्कम पुरावा नाही. खरं काम खोल श्वासाचं, बसण्याचं आणि वॉर्डात चार पावलं चालण्याचं आहे. गोळ्या माणसाला तो श्वास घ्यायची आठवण देतात, इतकंच.

दमेकरी आणि सीओपीडीचे रुग्ण यांची गोष्ट नेमकी उलटी. वर्षानुवर्षं विडी ओढलेले आजोबा किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी 'श्वास घेता येत नाही' म्हणतात, पण त्यांची खरी अडचण श्वास सोडण्याची असते. बारीक श्वासनलिका सुजलेल्या, सैल झालेल्या असतात. घाबरून जोर लावून हवा बाहेर ढकलली की फुफ्फुसाभोवतीचा दाब उणेचा अधिक होतो आणि तोच दाब या नलिकांना बाहेरून चिमटतो. हवा आत कोंडते. कोंडलेल्या हवेने छाती फुगून राहते, श्वासपटलाचा घुमट सपाट होतो, आणि सपाट झालेल्याने आणखी उतरायचं कुठे? नव्या हवेला जागाच उरत नाही.

अशा वेळी ओठांचा चंबू करून, शीळ घालताना करतो तसा, हवा सावकाश सोडायची. नाकाने दोन आकडे मोजत घ्या, ओठांतून चार मोजत सोडा. ओठांच्या अडथळ्यामुळे मागे नलिकांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. पोट आवळून जोर लावायचा नाही. सोबत बसायचं कसं, हेही महत्त्वाचं. पुढे वाकून कोपरं टेबलावर किंवा मांड्यांवर टेका. पोटातले अवयव श्वासपटलाला पुन्हा थोडा घुमट देतात, आणि हात टेकलेले असल्याने खांद्या-मानेचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. धाप लागलेल्या माणसाला 'आडवं पड जरा' म्हणणं ही आपली प्रेमळ चूक आहे. त्याला बसवा. पंप दिलेला असेल तर आधी तो घ्यायला लावा, आणि ओठ निळे पडत असतील किंवा वाक्य पूर्ण बोलवत नसेल तर व्यायाम शिकवत न बसता दवाखाना गाठा.

प्राणायामाबद्दल विचारणा होणारच. संथ श्वास आणि लांब उच्छ्वास असलेले प्रकार बहुतेकांना मानवतात. कपालभाती आणि भस्त्रिका यांत मात्र पोटाच्या झटक्याने हवा फेकली जाते, छातीतला दाब झटक्यागणिक वर-खाली होतो. सीओपीडी, फुफ्फुसात हवेचे फुगे, हर्निया, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा गर्भारपण असेल तर टीव्हीसमोर बसून ते करू नयेत. कपालभातीनंतर फुफ्फुस फाटल्याच्या घटनेची नोंद २००४ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. अशा घटना विरळा आहेत, पण ज्यांची फुफ्फुसं आधीच कमकुवत आहेत त्यांनी तो धोका का पत्करावा?

लहान मुलांकडे आता वळू, कारण छातीतला दाब बाहेरून डोळ्यांनी दिसतो तो इथेच. बाळाच्या बरगड्या मऊ असतात. न्यूमोनियाने फुफ्फुस ताठर झालं की ते फुगवायला श्वासपटलाला जास्त जोर लावावा लागतो, छातीतला दाब फार खाली जातो, आणि मऊ पिंजरा त्या ओढीने स्वतःच आत खेचला जातो. श्वास घेताना छातीच्या खालच्या भागाने बाहेर यायला हवं, त्याऐवजी तिथे खळगी पडते. घरातल्या म्हाताऱ्या बायका 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच बघून. बाळाला उजेडात घ्या, अंगावरचा कपडा वर करा, ते शांत किंवा झोपलेलं असताना पाहा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर डॉक्टरकडे न्या. दोन महिन्यांखालच्या बाळात हलकीशी खळगी चालते. खळगी खोल पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल किंवा श्वासागणिक कण्हत असेल तर आकडा कितीही असो, निघा. पोटावर डाग देण्यात किंवा बिब्बा लावण्यात वेळ घालवू नका.

मोजण्याची ही विद्या किती साधी आहे आणि किती उपयोगी, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या दायांना आणि कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आकडे न येणाऱ्यांसाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधन बनवलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्यामुळे घटले आणि ते निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने छापले.

कण्हण्याबद्दल थोडं आणखी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या वायुकोशांत पृष्ठताण कमी करणारं द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं, त्यामुळे दर उच्छ्वासाला वायुकोश मिटतात. मेरी एलेन एव्हरी आणि जेर मीड यांनी हे १९५९ मध्ये दाखवलं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच आजाराने ३९ तासांत गेला. अशी बाळं घसा आवळून कण्हत श्वास सोडतात, म्हणजे ओठांचा चंबू करणाऱ्या आजोबांची युक्ती ती उपजतच जाणतात. हे ओळखून जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याची पद्धत मांडली. आज नवजात बालकांच्या विभागात बाळाच्या नाकात नळी आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडे काढताना दिसतं, ते तेच. टोक पाच सेंटिमीटर बुडालं की दाबही तेवढाच. आणि अपुऱ्या दिवसांत कळा येऊ लागल्या, डॉक्टरांनी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं सुचवली, तर 'स्टेरॉइड' या नावाला भिऊ नका. ती बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून असतात.

मोठ्यांच्या वॉर्डातली बाटली वेगळी. बरगडीचं हाड मोडून, क्षयामुळे किंवा कधी काहीच कारण न दिसता फुफ्फुसाला छिद्र पडतं आणि त्या दोन पदरांमध्ये हवा शिरते. उणे दाब नाहीसा होतो. रस्सीखेचीतली रस्सी सुटल्यासारखं फुफ्फुस आकसून जातं. उंच, सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या तरुणाच्या छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन धाप लागली तर ॲसिडिटी समजून थांबू नका. एक एक्स-रे पुरतो. आत शिरलेली हवा पुष्कळ असेल तर बरगड्यांमधून नळी घालतात आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर ठेवतात. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची आत जाऊ शकत नाही.

रुग्णाजवळ बसणाऱ्याने त्या नळीतल्या पाण्याकडे पाहावं. रुग्ण श्वास घेतो तेव्हा ते वर चढतं, सोडतो तेव्हा उतरतं. वर सांगितलेला उणे दाब तो हाच, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. (व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, म्हणून त्यावरच्या रुग्णात हे उलटं दिसतं.) मोठ्या श्वासाला किंवा खोकल्याआधी पाणी बरंच वर येऊ शकतं, म्हणून बाटली नेहमी छातीच्या पुष्कळ खाली, जमिनीजवळ हवी. संडासला नेताना, एक्स-रेला नेताना ती कधीही खाटेवर किंवा रुग्णाच्या मांडीवर ठेवू नका, पाणी उलटं छातीत जाईल. नळी पाठीखाली दबू किंवा मुडपू देऊ नका. बुडबुडे येत असताना स्वतःच्या मनाने चिमटा लावू नका, कारण बाहेर पडायला वाट न मिळालेली हवा आत साठून हृदयालाही दाबते. पाणी हलायचं थांबलं तर नर्सला सांगा. फुफ्फुस पूर्ण फुगलं असेल किंवा नळी तुंबली असेल, ते त्या पाहतील. बाटली कलंडली तर सरळ करा, फुटली तर नळीचं टोक स्वच्छ पाण्यात बुडवून हाक मारा. या सगळ्यात रुग्णाने पडून राहायचं नाही. खोल श्वास आणि चालणं चालूच ठेवायचं, बाटली हातात खाली धरून.

फुफ्फुस फाटून बरं झालेल्यांनी छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून होकार दिल्याशिवाय विमानात बसू नये. विमानातल्या हवेचा दाब साधारण दोन हजार मीटर उंचीवर असतो तितकाच असतो, त्यामुळे आत उरलेली हवा प्रसरण पावते. स्कुबाचा तर नादच सोडलेला बरा. तारकर्लीला किंवा मालवणला पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्या निरोगी माणसालाही प्रशिक्षक एक गोष्ट घोकून सांगतात: वर येताना श्वास रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे टाकीतून भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड मिटलेलं असेल तर दीड मीटर वर येणंही फुफ्फुस फाडायला पुरतं. आणि सिनेमात नायक वेताची नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपतो, ते कुणी करून पाहू नये. छातीवर एक मीटर पाणी असलं की श्वासाच्या स्नायूंची सगळी ताकद तेवढ्यातच संपते, म्हणून स्नॉर्कलची नळी वीतभर-दोन वीतच असते.

शेवटची सूचना वयस्कर मंडळींसाठी. छातीतला उणे दाब हवेबरोबर रक्तही हृदयाकडे खेचत असतो. श्वास कोंडून कुंथलं की तो दाब अधिक होतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब घसरतो आणि जोर सोडल्यावर उसळतो. शौचालयात चक्कर येऊन पडणाऱ्यांपैकी कितीतरी जण असेच पडतात. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, भरपूर पाणी आणि पायांखाली छोटा पाट घ्या, आणि जोर लावायचाच झाला तर तोंड उघडं ठेवून, हवा सोडत लावा. भरलेला गॅस सिलिंडर, धान्याचं पोतं किंवा नातवंड उचलतानाही तसंच: वाकताना श्वास घ्या, उचलताना सोडा.